गावातल्या वीरगळांची नोंद कशी करावी

मारुतीच्या देवळामागे, पारावर, नाहीतर पाणवठ्यावर धुणं आपटायला घेतलेला एखादा कोरीव दगड तुमच्याही गावात असेल. लढाईत किंवा गुरं वाचवताना मेलेल्या माणसाची ती आठवण, म्हणजेच वीरगळ. तळच्या चौकटीत पडलेला वीर, वर लढाई, त्यावर त्याला घेऊन निघालेल्या अप्सरा, शेवटी शिवलिंगाची पूजा आणि माथ्याला चंद्र-सूर्य, अशी त्याची साधारण मांडणी. कोपरात वाकवलेला, बांगड्या भरलेला हात असेल तर ती सतीशिळा. गाढव असेल तर गधेगळ. ते स्मारक नव्हे, दान मोडणाऱ्याला कोरून दिलेली शिवी.

सगळ्यात आधी: दगड हलवू नका. शिवेवर आहे, वेशीत आहे की देवळापुढे, ही निम्मी माहिती. आमच्याकडे जीर्णोद्धारात दोन वीरगळ पालथे घालून पायऱ्या केल्या, कोरीव बाजू सिमेंटात गेली. त्यातला एक आता फक्त एका लग्नाच्या अल्बमात दिसतो, नवरदेवाच्या फेट्यामागे अर्धा झाकलेला.

मग टेप घ्या. जमिनीवरची उंची, रुंदी, जाडी, तोंड कुठल्या दिशेला, मोबाइलवरचं ठिकाण, सगळं वहीत. फोटोत शेजारी पट्टी ठेवा. भर दुपारचा फोटो वाया जातो. अंधार पडल्यावर टॉर्च दगडाच्या कडेला, जवळजवळ टेकवून धरा आणि हळूहळू फिरवा. दिवसा सपाट वाटणाऱ्या जागी घोड्याचा लगाम, ढालीची कड, कधी अक्षरांची ओळ उठून येते. बोरिवलीजवळ एक्सरच्या वीरगळांवर चक्क जहाजांची लढाई आहे, तेव्हा प्रत्येक चौकट बारकाईने बघा.

साफसफाई बेतानेच. साधं पाणी, मऊ ब्रश, खाचेतल्या मातीला बांबूची काडी. तारेचा ब्रश, ॲसिड, ऑइलपेंट नकोच. अक्षरांत खडू भरू नका, ठसा घ्यायचं काम जाणकारावर सोपवा. शेंदूर असेल तर तो देव आहे, खरवडायचा नाही.

म्हाताऱ्या माणसांना "हा कुणाचा?" विचारलं की "पांडवांचा" हे उत्तर ठरलेलं. त्याऐवजी "इथं काय करतात?" विचारा. नैवेद्य कोण दाखवतं, कुठल्या घराचा मान, शेजारच्या शेताचं नाव काय, हे आपोआप निघतं. दोघांनी दोन गोष्टी सांगितल्या तर दोन्ही लिहा. घरातले मोडी कागद, इनामाच्या सनदा यांचेही फोटो घ्या. जुने दप्तर शोधायचं तर पुण्याचं पुराभिलेखागार आहे. शके दिसला की ७८ मिळवा: शके १२०० म्हणजे साधारण इ.स. १२७८.

नोंदीची एक प्रत ग्रामपंचायतीत, एक शाळेत, एक राज्याच्या पुरातत्त्व विभागाकडे. दगड जागचे हलवायचे नाहीत असा ग्रामसभेचा ठराव करून घ्या, आणि तो देवळाचं पुढचं बांधकाम निघायच्या आत.