तलावाकाठच्या गावात दीर्घकाळ भाड्याने राहायचे असेल तर

समुद्रकिनारा विदर्भाच्या वाट्याला आला नाही. पाण्याकाठी निवांत राहण्याची हौस येथे तलावच भागवतात. भंडारा आणि गोंदिया जिल्ह्यांत मालगुजारीच्या काळातील तलाव आणि बोड्या, म्हणजे लहान तळी, इतक्या आहेत की, कोणत्याही रस्त्याने निघाले तरी धानाच्या बांध्यांपलीकडे एखाद्या तलावाची पाळ, म्हणजे मातीचा बांध, दिसतेच. नवेगावबांध आणि इटियाडोहच्या परिसरात अलीकडे भाड्याने घर शोधणारी बाहेरची माणसे दिसू लागली आहेत. त्यांत घरबसल्या काम करणारे आहेत, निवृत्त आहेत आणि माझ्यासारखे, अनेक वर्षे परदेशात काढून तेथील पारपत्र खिशात घेऊन परतलेलेही आहेत. अर्जुनी मोरगाव तालुक्यातील एका गावात मी चार वर्षांपासून भाड्याने राहतो. या काळात जे शिकलो, त्यातील बरेचसे आधी चुकून मग शिकलो आहे.

घर शोधण्याची सुरुवात बहुतेक जण दिवाळीच्या सुमारास करतात आणि तेथेच पहिली गफलत होते. त्या दिवसांत तलाव काठोकाठ भरलेला असतो, धान कापणीला आलेले असते, थंडीबरोबर बदकांचे थवे उतरू लागतात आणि पाहणारा माणूस पाहता पाहता होकार देऊन बसतो. परंतु हे तलाव शोभेसाठी बांधलेले नाहीत, ते धानाला पाणी देण्यासाठी बांधलेले आहेत. पाणी सोडले की ते ओसरते आणि उघड्या पडलेल्या गाळात कोठे कोठे गाळपेरही होते. माझ्या सपरीतून, म्हणजे ओसरीतून, कार्तिकात पाणी हाकेच्या अंतरावर दिसते. वैशाखात त्याच जागी भेगाळलेली माती असते आणि पाण्यापर्यंत जायला चांगली पायपीट करावी लागते. म्हणून घर एकदा मे महिन्यात आणि एकदा भर पावसाळ्यात पाहावे. ते शक्य नसेल, तर आधी महिना-दोन महिने जवळच्या तालुक्याच्या गावी खोली घेऊन राहावे आणि शेजाऱ्यांना थेट विचारावे की, उन्हाळ्यात विहिरीला पाणी किती राहते आणि पावसाळ्यात अंगणात किती येते. या प्रश्नांचे खरे उत्तर घरमालकापेक्षा शेजारीण अधिक मोकळेपणाने देते.

घर मातीचे आणि कवेलूचे, म्हणजे कौलारू, असावे की स्लॅबचे, यावर माझे मत स्पष्ट आहे. पारा पंचेचाळीसच्या घरात गेला की स्लॅबच्या खोलीत रात्री दोन वाजताही भिंतीला हात लावावासा वाटत नाही. जाड मातीच्या भिंतींचे घर मात्र दुपारीसुद्धा सुसह्य असते. मात्र कवेलूच्या घराची मशागत दरवर्षीची असते. वानरांची एक टोळी छपरावरून धावत गेली की पाच-पंचवीस कवेलू फुटतात, आणि मृगापूर्वी छप्पर फेरून, म्हणजे कवेलू उतरवून पुन्हा नीट बसवून, घेतले नाही तर पहिल्याच मोठ्या पावसात अंथरूण गोळा करून कोपऱ्यात बसावे लागते. छप्पर फेरण्याचा खर्च कोणाचा, मजूर कोणी बोलवायचे आणि नवे कवेलू कोणी आणायचे, हे तोंडी ठरवून मी पहिले वर्ष काढले. घरमालकाच्या समजुतीप्रमाणे राहणाऱ्याने छप्पर सांभाळायचे होते, माझ्या समजुतीप्रमाणे ते मालकाचे काम होते, आणि आम्हा दोघांचा हा गोड गैरसमज जूनच्या दुसऱ्या आठवड्यात उघडकीला आला. आता हे आमच्या करारात लिहिलेले आहे. छपराच्या लाकडी मयालींना, म्हणजे तुळयांना, उधई (वाळवी) लागली आहे का, हे पाहायचे असेल तर खिळ्याने टोचून पाहावे. संडास परसात, सांदवाडीच्या टोकाला असेल, तर तेथपर्यंत दिवा असल्याशिवाय घर घेऊ नये. पावसाळ्यात या भागात मण्यार आणि घोणस ही विषारी सापांची नावे बोलण्यापुरती नसतात. मोबाइलची रेंज अंगणात नव्हे, आतल्या खोलीत तपासावी.

पिण्याच्या पाण्याची तपासणी ही टाळता न येणारी गोष्ट आहे. पूर्व विदर्भातील काही भागांत भूजलात फ्लोराइडचे प्रमाण जास्त आढळते. हे पाणी दिसायला स्वच्छ आणि चवीला चांगले असू शकते, उकळल्याने त्यातील फ्लोराइड जात नाही आणि वर्षानुवर्षे पोटात गेल्यास दात व हाडे यांवर परिणाम होतो. भारतीय मानकानुसार दुसरा स्रोतच नसेल तेव्हाची कमाल मर्यादा लिटरमागे १.५ मिलिग्रॅम आहे. महिनाभराच्या पाहुण्याला याची चिंता नसते. पाच वर्षे राहणाऱ्याने मात्र घरच्या बोअरचा नमुना भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत देऊनच पुढे जावे. पुष्कळदा त्याच अंगणातील उथळ विहिरीचे पाणी बोअरपेक्षा बरे निघते.

आता कागदपत्रे. गावातील घर कोणाचे आहे हे सगळ्यांना ठाऊक असते, परंतु ते कोणाच्या नावावर आहे हे अनेकदा घरच्यांनाही नीट सांगता येत नाही. ग्रामपंचायतीकडून नमुना ८ चा उतारा मागावा. तो मुळात कर आकारणीचा कागद आहे, मालकीचा निर्णायक पुरावा नव्हे, तरी त्यावरून सुरुवात करता येते. गावठाणातील घराची आखीव पत्रिका किंवा स्वामित्व योजनेतील सनद झाली असेल तर उत्तम. उताऱ्यावर वारलेल्या आजोबांचेच नाव असेल, तर वारस कोण आणि किती, हे विचारून त्या सर्वांची करारावर संमती घ्यावी. नाहीतर धाकटा भाऊ सुरतेहून सुट्टीवर येतो आणि आपण त्याच्याच खोलीत राहत असल्याचे आपल्याला तेव्हा कळते. घरकुल योजनेतून बांधलेले घर लाभार्थ्याने स्वतः राहण्यासाठी असते, ते भाड्याने घेऊ नये. गावठाणाबाहेरचे, तलावाला अगदी लागून असलेले एकटे घर दाखवले गेले, तर त्या जागेचा सातबारा पाहिल्याशिवाय बोलणी पुढे नेऊ नयेत. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत ‘झुडपी जंगल’ अशी नोंद असलेल्या जमिनी विखुरलेल्या आहेत आणि त्यांना वनजमीन मानावे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये दिला आहे. अशा जागेवरील घरात आपण भाडेकरू असलो तरी अतिक्रमण हटवण्याच्या कारवाईची झळ आपल्यालाच आधी बसते.

कागद पाहून झाले तरी खरी अडचण पुढेच असते, आणि ती म्हणजे घरमालकाची भीती. शहरातून आलेल्या माणसाला वाटते की फसवणुकीचा धोका आपल्यालाच आहे. प्रत्यक्षात घर देणारा आपल्यापेक्षा जास्त धास्तावलेला असतो. विदर्भासाठीचा कुळवहिवाटीचा कायदा १९५८ चा. जमीन कसणाऱ्याच्या नावावर गेल्याच्या कथा येथे घरोघरी सांगितल्या जातात, आणि त्यामुळे ‘पाच वर्षांसाठी लिहून द्या’ असे म्हटले की घरमालक काकाजी गप्प होतात, चहा पितात आणि दुसऱ्या दिवशी निरोप पाठवतात की घर द्यायचे नाही. तो कायदा शेतजमिनीचा आहे, राहत्या घराचा नाही, हे शांतपणे आणि शक्यतो गावातील एखाद्या जाणत्या माणसासमोर समजावून सांगावे लागते. घाई करू नये. माझ्या बाबतीत यासाठी तीन बैठका लागल्या आणि तिसरीत ग्रामपंचायतीच्या एका माजी सदस्याने दोन वाक्यांत जे साधले, ते मला दोन तासांत साधले नव्हते.

या भीतीवर उत्तम उपाय म्हणजे लिव्ह अँड लायसन्स पद्धतीचा नोंदणीकृत करार. अशा करारात घर वापरण्याची परवानगी मिळते, घरात कोणताही हक्क निर्माण होत नाही. हे वाक्य करारात मराठीत, ठळक अक्षरांत असू द्यावे, कारण ते आपल्यापेक्षा मालकाच्या उपयोगाचे आहे. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम प्रामुख्याने शहरांना आणि त्याच्या अनुसूचींत नमूद केलेल्या ठिकाणांना लागू होतो. त्याबाहेरच्या लहान गावात भाडेपट्ट्याच्या बाबतीत मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ आणि नोंदणी अधिनियम, १९०८ यांच्याकडे पाहावे लागते. एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो, आणि अकरा महिन्यांची जी सर्वत्र चाल पडली आहे तिचे मूळ येथे आहे. काहीच लिहिलेले नसेल तर निवासी भाडे महिन्यामहिन्याचे मानले जाते आणि पंधरा दिवसांच्या नोटिशीने संपते. दीर्घकाळ राहू इच्छिणाऱ्याला हे परवडणारे नाही. खर्चाचा बाऊ मात्र कोणी करू नये. समजा, भाडे महिना ४,००० रुपये, मुदत दोन वर्षे आणि परत मिळणारी अनामत १०,००० रुपये आहे. दोन वर्षांचे भाडे ९६,००० रुपये आणि अनामतीवर वार्षिक १० टक्के दराने धरलेले २,००० रुपये मिळून ९८,००० होतात आणि त्यावर ०.२५ टक्के दराने मुद्रांक शुल्क २४५ रुपये येते. ग्रामीण भागात नोंदणी फी ५०० रुपये आहे. किरकोळ हाताळणी खर्च वेगळा. नोंदणी ऑनलाइन करता येते, परंतु त्यासाठी दोन्ही बाजूंचे आधार लागते. अन्यथा तालुक्याच्या दुय्यम निबंधक कार्यालयात दोघांनी जावे. मी तर दोघांनी एकत्र जाण्याचाच आग्रह धरीन, कारण सरकारी शिक्का डोळ्यांसमोर पडलेला पाहून मालकाची उरलीसुरली शंका फिटते.

करारात एक कलम असे हवे, जे शहरातल्या छापील नमुन्यात सापडणार नाही. दिवाळीनंतर झाडीपट्टीतील, म्हणजे या पूर्व विदर्भातील, गावागावांत मंडई नावाची जत्रा भरते, रात्रभर नाटक किंवा दंडार हे लोकनाट्य होते आणि घरोघरी लेकी-जावई, सोयरे-पाहुणे उतरतात. मालकाचे घर शेजारीच असेल तर त्या दोन-तीन दिवसांसाठी तो आपली एक खोली हक्काने मागणार, हे गृहीत धरावे. आधीच लिहून ठेवले तर कोणती खोली आणि किती दिवस, याचा वाद राहत नाही. मला त्या दिवसांत घर सोडून जावेसेही वाटत नाही. पहाटे चारला नाटकातला खलनायक मरतो तेव्हा आपणही गावाबरोबर जागे असलो, तर वर्षभर ‘भाऊ’ म्हणून हाक मारली जाते.

परदेशी पारपत्र असलेल्यांसाठी आणखी काही गोष्टी आहेत. परदेशी नागरिकाला घरात ठेवणाऱ्याने त्याच्या आगमनाची माहिती २४ तासांच्या आत ऑनलाइन नोंदवणे बंधनकारक आहे, आणि ही जबाबदारी मालकाची असली तरी ती त्याला ठाऊक असण्याची शक्यता नगण्य आहे. म्हणून आपणच त्याच्या शेजारी बसून ती नोंद करून घ्यावी. १८० दिवसांहून अधिक मुदतीच्या व्हिसावर आलेल्यांना बहुतेक प्रकारच्या व्हिसांत आगमनापासून १४ दिवसांत नोंदणी करावी लागते. जिल्ह्यात हे काम पोलीस अधीक्षक कार्यालयाकडे असते. ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड असणाऱ्याला ही दुसरी नोंदणी लागत नाही. त्याला घर भाड्याने घेता येते, शेतजमीन किंवा फार्महाउस मात्र विकत घेता येत नाही. तेव्हा ‘भाडे कशाला देता, तीन एकर घेऊनच टाका’ हा गावचा प्रेमळ सल्ला हसून सोडून द्यावा. पारपत्र कोणतेही असो, राहायला आल्याच्या आठवड्यात पोलीस पाटलांना भेटून करार आणि ओळखपत्राची प्रत द्यावी. नक्षलवादामुळे हा भाग दीर्घकाळ सुरक्षा यंत्रणांच्या नजरेखाली राहिला आहे, त्यामुळे अनोळखी माणसाची चौकशी होणारच. ती आपल्या पाठीमागे होण्यापेक्षा समोर झालेली बरी. बाहेरून आलेली माणसे या भागाला नवी नाहीत, गोठणगावच्या तिबेटी वसाहतीला येथे अर्धशतक होऊन गेले आहे.

तलाव आपल्या दारासमोर असला तरी आपला नसतो. मासेमारीचा हक्क सहसा ढिवर बांधवांच्या सहकारी संस्थेकडे असतो, तेव्हा गळ टाकण्यापूर्वी विचारावे आणि मासळी त्यांच्याकडूनच विकत घ्यावी. पाळीवर गाडी उभी करू नये, घाटावर साबण लावून अंघोळ करण्याआधी तेथील बायका कोणत्या वेळी येतात ते पाहावे. मोहफुले वेचण्याच्या आणि तेंदूपत्त्याच्या दिवसांत पहाटे एकट्याने जंगलाकडे फिरायला जाऊ नये. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प जवळ आहे आणि कुत्रे पाळायचे असल्यास रात्री ते आतच बांधावे, बिबट्याला कराराची कलमे लागू नाहीत.

वीजमीटर मालकाच्या नावावरच राहू द्यावा, परंतु बिल घरगुती दराचे आहे का, आणि त्याच मीटरवरून गोठ्यातील मोटार चालते का, हे पहिल्याच दिवशी पाहावे. चालत असेल तर उपमीटर बसवून घ्यावा. भाडे दरमहा ऑनलाइन द्यावे. मालकाला रोखच हवे असेल तर एक वही ठेवून त्यात दोघांनी सही करावी. घर सोडण्याची पूर्वसूचना दोन महिन्यांची ठरवावी आणि ते दोन महिने मे-जूनमध्ये पडू देऊ नयेत, कारण त्या दिवसांत मालक खरिपाच्या तयारीत असतो, त्याच्या हातात बियाण्याचा आणि खताचा खर्च असतो आणि आपली अनामत त्यातच गेलेली असते. धान विकून झाल्यावर, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, तीच रक्कम न मागता मिळते. निघताना मालकासमोर मीटरच्या आकड्याचे आणि छपराचे छायाचित्र काढावे, किल्ली हातात द्यावी आणि वहीच्या शेवटच्या पानावर दोघांची सही घ्यावी.