दूरच्या संशोधकांसोबत काम करताय? या चुका टाळा

एका हंगामात आमच्या विद्यार्थ्यांनी पऱ्हाटीतले (कपाशीतले) कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारे सापळे, रोज तपासले. सकाळी चिखल तुडवत जायचं, सापळ्याच्या पिशवीत अडकलेले गुलाबी बोंडअळीचे पतंग मोजायचे, वहीत आकडा टिपायचा. वह्यांचे फोटो दूरच्या भागीदार संस्थेकडे गेले. शोधनिबंध छापून आला तेव्हा ही पोरं आभाराच्या एका ओळीत होती, तीही नावांशिवाय. लेखक कोण, कोणत्या क्रमाने, हे आम्ही सुरुवातीला ठरवूनच घेतलं नव्हतं. पहिल्याच महिन्यात ते ई-मेलवर लिहून घ्या.

त्याहून मोठी चूक म्हणजे नुसते आकडे पुरवत राहणं. 2023 मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात सुमारे 2 कोटी शोधनिबंध आणि 40 लाख पेटंट अर्ज तपासले होते. एकाच ठिकाणी काम करणाऱ्या गटांच्या मानाने दूरदूर विखुरलेल्या गटांच्या हातून चाकोरी मोडणारं संशोधन कमी होतं, असं त्यात दिसलं. दूरचे सहकारी तांत्रिक कामात जास्त गुंततात, कल्पना रचण्यात कमी. आपल्याकडे हेच चाललंय: प्रश्न तिकडे ठरतो, मोजणी इकडे होते.

गडचिरोलीत ‘सर्च’ या आरोग्य संस्थेने प्रश्नच गावातून उचलला. 39 गावांत नवजात बाळांची काळजी घरीच घेतली, तेव्हा तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी घटले. 1999 मध्ये ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलं. आज आशाताई बाळाला बघायला घरी येतात, त्यामागे हे काम आहे. परिणाम मोजताना नुसते उल्लेख (इतरांच्या निबंधांत आपल्या निबंधाचा संदर्भ किती वेळा आला ते) मोजू नका, असं मी म्हणतो ते यासाठी.

परदेशी नाव जोडलं की उल्लेख आपोआप वाढतात, हाही भ्रम सोडा. अशा निबंधांना सरासरी जास्त उल्लेख मिळतात खरे, पण मुळात भक्कम गटच एकमेकांना शोधत असतात. कॉलेजचं नाव मात्र प्रत्येक निबंधात एकसारखंच लिहा आणि 16 अंकी ऑर्किड (ORCID) क्रमांक, म्हणजे संशोधकाचा ओळख क्रमांक, काढून ठेवा, नाहीतर तुमचं काम तुमच्या खात्यावर दिसत नाही.

प्रवासाचे पैसे एकाच फेरीपुरते असतील तर ती फेरी निकालासाठी राखून ठेवू नका. प्रकल्पाचा अर्ज लिहायच्या आधीच, पऱ्हाटी फुलावर असताना दूरच्या सहकाऱ्यांना बोलवा. धुऱ्यावर उभं करा, डोमकळी (बोंडअळी आत असल्याने नीट न उमललेलं फूल) त्यांच्याच हाताने उघडायला लावा आणि शेतकरी काय विचारतोय ते ऐकू द्या. अर्जातला पहिला प्रश्न तिथेच, सगळ्यांनी मिळून लिहा.