टेकडीवर, गडावर व्यायामाला जाताय? या चुका टाळा

डिसेंबरात जमलेली वेळ आणि वेग एप्रिलमध्येही तसाच ठेवायचा, ही पुण्यात बाहेर व्यायाम करणाऱ्यांची सगळ्यात मोठी चूक. उन्हाची सवय व्हायला शरीराला एक-दोन आठवडे लागतात. मार्चमध्ये ऊन तापू लागलं की अंतर कमी करा, मग हळूहळू वाढवा.

सिंहगडावर तर हमखास फसगत होते. रविवारी आठ वाजता आतकरवाडीतून चढायला सुरुवात, वर पिठलं-भाकरी, मडक्यातलं दही, गप्पा. उतरायला लागेपर्यंत ऊन डोक्यावर, आणि बाटली चढतानाच रिकामी झालेली. उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा उजाडतानाच चढा आणि निम्मं पाणी उतरणीसाठी राखून ठेवा. घामाच्या धारा लागल्या असतील तर नुसतं पाणी पुरत नाही. मीठ घातलेलं ताक किंवा लिंबाचं सरबत हवं.

डोकं ठणकतंय, मळमळतंय, गरगरतंय? तिथेच थांबा, सावलीत बसा, घोट घोट पाणी प्या. 'एवढा टप्पा पार करू' हा हट्ट नको. सोबतचा माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला आणि अंग तापलेलं असेल, तर तो उष्माघात समजा. घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही, हा फार घातक गैरसमज आहे. श्रमाने होणाऱ्या उष्माघातात अंग घामाने भिजलेलंही असू शकतं. लगेच 108 ला फोन करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका.

मे महिन्यात संध्याकाळी टेकडीवर जाणाऱ्यांनी वळवाचं भान ठेवावं. वीज चमकल्यापासून 30 सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे. वेताळ टेकडीच्या माथ्यावर असाल तर लगेच खाली या, पक्की इमारत किंवा बंद गाडी गाठा. झाडाखाली आसरा घेऊ नका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी पुन्हा वर जाऊ नका.

पावसाळ्यात खरा धोका उतरताना असतो. पर्वतीच्या पायऱ्या ओल्या असताना पळत उतरणं मला तरी पटत नाही. तळ झिजलेले बूट बदला, आणि ओले बूट आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून वाळवा.

थंडीत मात्र भल्या पहाटेचा आग्रह सोडा. गार हवा जमिनीलगत साचते आणि शेकोट्यांचा, जाळलेल्या पाचोळ्याचा धूर तिच्यातच अडकून राहतो. ऊन थोडं वर आल्यावर निघालेलं बरं. दमा असेल तर डॉक्टरांनी दिलेला पंप खिशात हवाच.