मसाजचा प्रकार निवडताना या चुका टाळा

मसाजसाठी येणारी बहुतेक माणसे आधी दरपत्रक वाचतात, त्यातला एखादा प्रकार पसंत करतात आणि दुखणे मागाहून सांगतात. काय दुखते, केव्हापासून दुखते, कोणती औषधे चालू आहेत, अलीकडे कोणती शस्त्रक्रिया झाली आहे, हे कळल्याशिवाय प्रकार ठरवण्यात काहीच अर्थ नसतो. यांपैकी एकही प्रश्न न विचारता थेट टेबलावर झोपायला सांगणाऱ्या ठिकाणाहून मी तरी उठून परत येईन.

सर्वाधिक आढळणारी चूक म्हणजे जितका जोर अधिक तितका गुण अधिक, ही समजूत. कोल्हापूरच्या तालमीत पैलवानांचे अंग रगडून मालीश होते हे खरे. परंतु ते शरीर रोजच्या मेहनतीने तयार झालेले असते, आणि दिवसभर संगणकासमोर बसणाऱ्याच्या पाठीला तोच जोर मानवेल असे धरून चालता येत नाही. डीप टिश्यू मसाज म्हणजे नुसता जोरात केलेला मसाज नव्हे. त्यात तेल कमी असते, हात अतिशय सावकाश सरकतो आणि वरचा थर सैल झाल्यावरच दाब खाली उतरतो. वेदनेने श्वास रोखला जात असेल, तर स्नायू आकसून विरोध करत आहे असे समजावे. अर्ध्या तासात सर्वांगाचे डीप टिश्यू करून मागणाऱ्याच्या पदरात निळे डाग पडतात, आराम पडत नाही. पहिल्या भेटीत मी स्वीडिश पद्धतीचाच मसाज करतो. त्याला मवाळ म्हणून नाक मुरडणारे पुष्कळ भेटतात, पण शरीर कोठे ताठरले आहे हे त्या लांब, एकसारख्या हातांखालीच नीट कळते.

दुसरी चूक अधिक महागात पडते, ती म्हणजे प्रत्येक सुजेवर तेल चोळणे. माझ्याकडे एक मावशी आल्या होत्या. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत त्यांच्या काखेतील लसिकाग्रंथी काढल्या होत्या आणि काही महिन्यांनी त्या बाजूचा हात सुजू लागला होता. घरच्यांनी मोठ्या मायेने त्यांना एका ठिकाणी नेले; तेथे गरम तेलाने हात दाबून चोळला, वर शेकही दिला, आणि सूज कमी व्हायची सोडून इतकी वाढली की बांगडी कापून काढावी लागली. अशा सुजेला लागतो तो लिम्फ ड्रेनेज, म्हणजे हातात साचलेला लसिका (लिम्फ) हा द्रव हलक्या हाताने पुढे सरकवणारा मसाज. एमिल व्होडर या डॅनिश गृहस्थांनी पत्नीसह १९३०च्या दशकात विकसित केलेल्या या पद्धतीत दाब इतका हलका असतो की केवळ त्वचा सरकावी. आधी मान आणि धड मोकळे करतात, सुजलेला हात त्यानंतर घेतात आणि शेवटी पट्टी बांधतात किंवा दाब देणारी बाही घालतात. मावशींना मी त्याच दिवशी या कामाचे खास शिक्षण घेतलेल्या फिजिओथेरपिस्टकडे पाठवले. तेथून घरच्यांचा फोन आला तो तक्रारीचाच : “नुसता हात फिरवल्याचे एवढे पैसे?” चार दिवसांत गुण हवा असणाऱ्यांना ही पद्धत कधीच पटत नाही, सूज मात्र तिनेच उतरू लागली.

थाई पद्धत २०१९ साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली आहे आणि ती उत्तमही आहे. तथापि तीत कोपर-गुडघ्यांचा दाब आणि ताण फार असल्यामुळे हाडे ठिसूळ झालेल्यांनी किंवा मणक्याची चकती सरकलेल्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये. कफाचा जोर किंवा अजीर्ण असताना अभ्यंग वर्ज्य असल्याचे आयुर्वेदाचार्य वाग्भटाने सांगून ठेवले आहे. तरी दिवाळीच्या पहाटे शिंकत शिंकत तेल लावून घेणारे आपल्याकडे घरोघरी आहेत. उद्वर्तनाच्या, म्हणजे कोरडे चूर्ण अंगाला चोळण्याच्या, चार बैठकांत वजन उतरत नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्यास ते आधी सांगावे आणि जोराचा मसाज टाळावा. मॅरेथॉनच्या आदल्या दिवशी डीप टिश्यू करून घेऊ नये. तो आठवडाभर आधी उरकावा.

लांबच्या प्रवासानंतर किंवा प्लास्टर काढल्यावर एकच पोटरी सुजली, गरम लागली आणि दुखू लागली, तर तिला कोणत्याही प्रकारचा मसाज करू नये. ती रक्ताची गुठळी असू शकते आणि चोळल्याने सुटून फुफ्फुसात जाऊ शकते. म्हणून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून शिरांतील रक्तप्रवाह पाहणारी डॉपलर तपासणी करून घ्यावी.