मराठवाड्यात परदेशी पाम लावताय? आधी पोंगा सांभाळा

परभणीत मे महिन्यात पारा ४४ अंशांपर्यंत चढतो आणि थंडीची लाट आली की त्याच अंगणात पहाटे ५ अंशांच्या खाली उतरतो. अशा हवेत मादागास्करचा किंवा मॉरिशसचा पाम लावायचा म्हटलं की लोक नको म्हणतात. पण आपल्या ओढ्याकाठची शिंदी पाम कुळातलीच आहे आणि ती हे सगळं सोसून पिढ्यान्‌पिढ्या उभी आहे.

आंब्याची फांदी करपली तर खालून दुसरी फुटते. एकखोडी पामला ती सोय नाही, त्याला शेंडा एकच. मधोमध न उलगडलेलं पान उभं असतं, ज्वारीला असतो तसा पोंगा. पोंग्याखालचा गाभा शाबूत असेल तर बाकीची पानं करपली तरी झाड परत उभं राहतं. गाभा सडला की झाड गेलं. म्हणून उन्हाळ्यात मूळ जपायचं आणि हिवाळ्यात पोंगा.

कोणता पाम घ्यावा

सुरुवात बिस्मार्क पामने करा. तो मादागास्करच्या मोकळ्या गवताळ माळावरचा, ऊन-वारा सोसणारा. हिरव्या रोपापेक्षा चंदेरी झाक असलेलं रोप घ्या, ते थंडीत जास्त तग धरतं. तिथलाच त्रिकोणी पामही आपल्याकडे चांगला रमतो. बाटली पाम मॉरिशसजवळच्या राउंड बेटावरचा. तिथे सोडलेल्या शेळ्या-सशांनी कोवळी रोपं खाल्ली आणि रानात मोजकीच झाडं उरली. ते झाड आपल्या अंगणात वाढवताना म्हणूनच जास्त जपावंसं वाटतं.

चुणीदार गोल पानांचा लिक्युआला फक्त सावलीत, तोही कुंडीत. लाल देठांचा लिपस्टिक पाम मात्र मलाया-सुमात्राच्या दलदलीतला. मी तो दोनदा आणला आणि दोन्हीदा जानेवारीत गमावला. आता कुणी विचारलं तर नको म्हणते.

खड्डा नको, ओटा करा

माझा पहिला बाटली पाम उन्हाने गेला नाही, पाण्याने गेला. काळ्या मातीत खड्डा खणून त्यात भुसभुशीत माती भरली की पावसाळ्यात चहूकडचं पाणी त्यात उतरतं आणि तिथेच साचतं. शिवाय ही माती उन्हाळ्यात भेगाळते आणि बारीक मुळं तुटतात. म्हणून जमिनीच्या वर दीड फूट उंच, चार फूट रुंद ओटा करा. दोन घमेली मुरूम, एक घमेलं काळी माती, एक घमेलं चांगलं कुजलेलं शेणखत हे प्रमाण मला मानवलं. खत कच्चं असेल तर त्यात गेंड्या भुंग्याच्या अळ्या असू शकतात आणि मोठा झालेला भुंगा थेट शेंडाच पोखरतो. उकिरडाही झाडांपासून लांब हवा.

लावणी मृगाचे दोन दमदार पाऊस झाल्यावर करा. मुळं उबदार मातीत धावतात, त्यामुळे दिवाळीपर्यंत रोप स्थिरावतं. पिशवी ओढून काढू नका, ब्लेडने उभी कापा. हुंडी, म्हणजे मुळांभोवतीचा मातीचा गोळा, फुटली तर बिस्मार्क सहसा वाचत नाही. बुंधा पिशवीत होता तेवढाच मातीत ठेवा.

उन्हाळा

कोकणातून किंवा आंध्रातल्या कडियमहून आलेलं रोप दमट सावलीत वाढलेलं असतं. त्याला पहिला उन्हाळा ५० टक्के शेडनेटखाली काढू द्या. सगळ्यात वाईट दुपारनंतरचं पश्चिमेचं ऊन आणि गरम वारा. त्या बाजूला तुराट्यांचा किंवा पऱ्हाट्यांचा ताट्या उभा केला की निम्मं काम होतं. रोज तांब्याभर पाणी घालण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा खोलवर मुरेल असं द्या. वर उसाच्या पाचटाचं चार इंच आच्छादन टाका, पण ते बुंध्याला टेकू देऊ नका.

आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार फार. कुंडीच्या कडेला पांढरा थर दिसला तर लिक्युआलाला टाकीत साठवलेलं पावसाचं पाणी द्या. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर लोह कमी पडतंय. चुनखडीच्या मातीत साधं फेरस सल्फेट अडकून बसतं, म्हणून चिलेटेड, म्हणजे मातीत सहज न अडकणारं लोह द्यावं. खालची जुनी पानं पिवळी पडली तर मात्र कात्री लावू नका. झाड त्यांतलं पालाश (पोटॅश) वर खेचत असतं. पूर्ण वाळल्यावरच कापा.

हिवाळा

नुसत्या थंडीपेक्षा थंडी आणि ओल एकत्र आली की पोंगा सडतो. दिवाळीनंतर झाडावरून पाणी ओतणं बंद करा. पाणी फक्त बुंध्याशी द्या, तेही सकाळी ऊन आल्यावर. दसऱ्यानंतर युरिया नको, कोवळी वाढ थंडीत आधी मरते.

लाट येणार असं कळलं की दुपारी मुळाशी पाणी द्या. ओली माती दिवसाची ऊब धरून ठेवते. संध्याकाळी पानं सुतळीने सैल बांधून वर गोणपाट गुंडाळा. प्लास्टिक नको, त्याच्या आत दव साचून थेट पोंग्यात उतरतं. सकाळी ऊन आलं की सोडा.

जानेवारीअखेर पोंगा दोन बोटांत धरून हलकेच ओढून पाहा. घट्ट असेल तर काळजी नाही. हातात निघून आला आणि वास आला तर झाड उपटू नका. आतली घाण कोरड्या कापडाने टिपा, लिटरला ३ ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड या बुरशीनाशकाचं द्रावण त्या पोकळीत ओता आणि पावसाचा थेंब आत जाणार नाही असं वरून झाका. मग थांबा. माझ्या दुसऱ्या बाटली पामचा पोंगा असाच निघाला होता. मे संपेपर्यंत काहीच हललं नाही. मृगात अर्धवट, कातरल्यासारखं एक पान वर आलं, आणि त्यामागून दुसरं, पूर्ण.