इंग्रजीच्या पेपरचा आराखडा आधी समजून घ्या

मागच्या दोन-तीन प्रश्नपत्रिका शेजारी ठेवा आणि फक्त सूचना व गुण वाचा; सोडवायला इतक्यात बसू नका. उतारा, व्याकरण, पत्र, निबंध यांचं वजन किती ते लगेच दिसतं. मग वेळेला गुणांनी भागा. पेपर तीन तासांचा आणि ८० गुणांचा असेल, तर एका गुणाला जेमतेम सव्वादोन मिनिटं मिळतात. पाच गुणांच्या पत्रावर पंचवीस मिनिटं घालवणं मग परवडत नाही (पुष्कळ मुलं नेमकं तेच करतात). ‘कोणतेही दोन सोडवा’ आणि शब्दमर्यादा या दोन गोष्टींखाली पेन्सिलीने रेघ ओढा. उताऱ्याचे प्रश्न आधी, उतारा नंतर. आराखडा यंदा बदललाय का, हे मात्र शिक्षकांनाच विचारा. जुन्या गाईडवर विसंबू नका.