प्रायोगिक हंगामाच्या शाळेत: पर्थ, २०१९ची रॅपिड रग्बी आणि सामना-विश्लेषणाचे शिक्षण

क्रीडाविज्ञान किंवा क्रीडाव्यवस्थापन शिकण्यासाठी ऑस्ट्रेलियाला निघालेल्या मराठी मुलामुलींकडून मला हमखास एक प्रश्न येतो: जो खेळ आपण शाळेत कधी खेळलोच नाही, त्या खेळात आपल्याला कोण दारात उभे करणार? माझे उत्तर पर्थ शहराशी आणि २०१९ सालच्या एका प्रायोगिक हंगामाशी जोडलेले आहे. ‘ग्लोबल रॅपिड रग्बी’ या व्यावसायिक स्पर्धेचा तो नमुनादाखल भरवलेला हंगाम होता. त्या वेळी मी पर्थमध्ये सामना-विश्लेषण शिकत होते, सुटीच्या दिवशी एका स्थानिक क्लबच्या सामन्यांचे चित्रीकरण करत होते आणि रॅपिड रग्बीचे सामने हा माझ्या अभ्यासप्रकल्पाचा विषय होता. त्या स्पर्धेतील कोणत्याही संघाकडून मला पगार मिळत नव्हता, हे आधीच सांगितलेले बरे. पुढचे सारे प्रेक्षकांच्या बाकावरून आणि संगणकासमोर बसून पाहिलेले आहे.

ही स्पर्धा मुळात का उभी राहिली, हे समजून घेतल्याशिवाय तिच्यातील कामाचे स्वरूप कळत नाही. ‘वेस्टर्न फोर्स’ हा पर्थचा संघ २००६ पासून ‘सुपर रग्बी’ या अनेक देशांतील व्यावसायिक संघांच्या स्पर्धेत खेळत होता. सुपर रग्बीतील संघांची संख्या १८ वरून १५ वर आणायचे ठरले, तेव्हा ऑगस्ट २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या रग्बी संघटनेने आपल्या वाट्याची कात्री याच संघावर चालवली, आणि न्यायालयात दाद मागूनही निर्णय फिरला नाही. लोहखनिजाच्या व्यवसायातील पर्थचे धनाढ्य उद्योजक अँड्र्यू फॉरेस्ट यांनी मात्र संघ बंद पडू द्यायचा नाही असे ठरवले. २०१८ मध्ये त्यांच्या पाठबळावर ‘वर्ल्ड सिरीज रग्बी’ या नावाने वेस्टर्न फोर्सचे पाहुण्या संघांशी सामने झाले, आणि त्यातूनच आशिया-प्रशांत प्रदेशासाठी स्वतंत्र व्यावसायिक स्पर्धा उभारण्याची योजना पुढे आली. संपूर्ण स्पर्धा वेळेत उभी राहत नाही असे दिसल्यावर २०१९ पुरता छोटा हंगाम घेऊन खेळाडू, प्रेक्षक आणि प्रक्षेपक यांना नव्या खेळाची चव दाखवायची आणि खरी सुरुवात २०२० मध्ये करायची, असा तोडगा निघाला. २२ मार्च २०१९ रोजी पर्थमध्ये वेस्टर्न फोर्स आणि निमंत्रित खेळाडूंचा ‘वर्ल्ड फिफ्टीन’ संघ यांच्यात पहिला सामना झाला. त्यानंतरच्या सामन्यांत हाँगकाँगचा साउथ चायना टायगर्स, सिंगापूरचा एशिया पॅसिफिक ड्रॅगन्स, फिजीचा फिजियन लातुई आणि कागिफा सामोआ हे संघ होते.

नकाशा पाहिला तर या योजनेमागचे गणित लक्षात येते. पर्थ सिडनीपासून सुमारे ३,३०० किलोमीटर दूर आहे, परंतु हाँगकाँग, सिंगापूर आणि मलेशिया यांचे घड्याळ आणि पर्थचे घड्याळ एकच आहे. म्हणजे पर्थमध्ये संध्याकाळी खेळला जाणारा सामना आशियातील मोठ्या बाजारपेठांत अगदी सोयीच्या वेळी दिसतो. फिजी आणि सामोआ मात्र पूर्वेला बरेच पुढे आहेत: फिजीशी चार तासांचा आणि सामोआशी निदान पाच तासांचा फरक पडतो. नवख्या विद्यार्थ्याला हा तपशील किरकोळ वाटेल, पण विश्लेषकाचे काम सामना संपल्यावर सुरू होते आणि प्रशिक्षकाला चित्रफितींचे तुकडे दुसऱ्या दिवशीच्या सरावापूर्वी हवे असतात. ‘उद्या सकाळी’ म्हणजे कोणाची सकाळ, हे अशा प्रदेशव्यापी स्पर्धेत आधीच ठरवून घ्यावे लागते.

आता मुख्य विषयाकडे येते, तो म्हणजे नियमांचा. एरवीच्या पंधराजणांच्या रग्बीत (रग्बी युनियन) सामना ८० मिनिटांचा असतो, ट्रायला, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीवर टेकवण्याला, ५ गुण आणि त्यानंतर गोलखांबांमधून मारलेल्या किकला, म्हणजे कन्व्हर्जनला, २ गुण मिळतात. रॅपिड रग्बीने सामना ७० मिनिटांवर आणला आणि ‘पॉवर ट्राय’ नावाचा प्रकार आणला, ज्यात स्वतःच्या गोलरेषेपासूनच्या २२ मीटर पट्ट्यातून सुरू झालेली चाल थेट ट्रायपर्यंत पोहोचली तर ९ गुण मिळत. त्याला जोड म्हणून, स्वतःच्या २२ मीटर रेषेमागून चेंडू थेट सीमेबाहेर मारून सुटका करून घेण्याची जी मुभा रग्बीत पूर्वापार आहे, ती काढून घेण्यात आली. एका हाताने आमिष आणि दुसऱ्या हाताने अटकाव, असा हा दुहेरी डाव होता, आणि तो मला आजही हुशारीचा वाटतो. केवळ गुण वाढवले असते तर सावध प्रशिक्षकांनी चेंडू बाहेर मारणे सुरूच ठेवले असते. केवळ किक बंद केली असती तर संघांनी चेंडू उंच मारून प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर ढकलला असता.

विश्लेषण शिकणाऱ्याच्या दृष्टीने या एका बदलाने कामाची मांडणीच बदलते. सामना-विश्लेषणात आपण चित्रफीत चालू ठेवून प्रत्येक घटनेला खूण करतो, ज्याला सगळे ‘कोडिंग’ म्हणतात: स्क्रम (दोन्ही संघांच्या खेळाडूंनी एकमेकांत गुंतून चेंडूसाठी रेटणे), लाइनआउट (सीमेबाहेर गेलेला चेंडू दोन रांगांमध्ये फेकून खेळ सुरू करणे), रक (जमिनीवरच्या चेंडूवर दोन्ही संघांची झटापट), टॅकल (चेंडू घेऊन जाणाऱ्याला पकडून पाडणे), किक, चेंडू गमावणे, अशी एकेक कळ ठरलेली असते. नेहमीच्या साच्यात ट्राय ही एक घटना असते, आणि ती कोणी व कोठे केली एवढे नोंदवले की भागते. पॉवर ट्रायमध्ये मात्र ट्रायची किंमतच तिच्या उगमावर ठरत असल्याने चेंडूच्या प्रत्येक ताब्याची सुरुवात नोंदवणे भाग पडते. चेंडू कोठे मिळाला, कशातून मिळाला (प्रतिस्पर्ध्याच्या किकमधून, टॅकलनंतर हिसकावून, की आपल्या स्क्रममधून), आणि तिथून पुढे तो आपल्याच हातात राहिला का, या तीन गोष्टी प्रत्येक वेळी लिहायच्या, मग त्या ताब्यातून काही निष्पन्न होवो वा न होवो. साचा नव्याने बांधताना मी मैदानाचे आडवे पट्टे पाडले आणि ‘ताबा सुरू’ ही कळ इतर सर्व कळांच्या वर ठेवली. त्यानंतर एका सामन्याच्या कोडिंगला लागणारा वेळ चांगलाच वाढला. पण त्यातून जे हाती लागते ते केवळ ट्रायच्या यादीतून कधीच लागले नसते: कोणता संघ आपल्या २२ मीटरच्या आत चेंडू मिळाल्यावर धावतो, कोणता दोन पास करून घाबरतो आणि किक मारतो, आणि सत्तर मिनिटांच्या शेवटी दमलेल्या पायांनी हा निर्णय कसा बदलतो.

म्हणूनच माझे मत असे झाले आहे की शिकण्यासाठी प्रस्थापित स्पर्धेपेक्षा प्रायोगिक हंगाम अधिक चांगला. जुन्या स्पर्धेत साचे तयार असतात, शिकाऊ मुलाला ते भरायला दिले जातात आणि ‘असे का’ हे विचारायची वेळ येत नाही. नव्या नियमांपुढे मात्र अनुभवी विश्लेषकही कोऱ्या पाटीनेच बसलेला असतो, त्यामुळे तुमच्या प्रश्नाला किंमत येते. याच हंगामाला नोकरीचा भरवसा समजणे मात्र वेडेपणाचे ठरते, आणि त्याचे कारण पुढे येईलच.

पर्थमध्ये रग्बी हा पहिल्या पसंतीचा खेळ नाही. तेथील माणसाचा जीव वेस्ट कोस्ट ईगल्स आणि फ्रीमँटल या ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या संघांत अडकलेला असतो. तरीही १० ऑगस्ट २०१९ रोजी तेथे झालेल्या ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड रग्बी कसोटीला (आंतरराष्ट्रीय सामन्याला) ६१,२४१ प्रेक्षक आले आणि ऑस्ट्रेलियाने ती ४७-२६ अशी जिंकली, हेही खरे. पण स्थानिक क्लबांना मदतीचे हात नेहमीच कमी पडतात, आणि हीच नवख्यांची वाट आहे. मोठ्या संघांना शंभर ठिकाणी अर्ज पाठवण्यापेक्षा हंगामापूर्वीच्या सरावाला एखाद्या क्लबच्या मैदानावर जावे, व्यवस्थापकाला भेटावे आणि ‘मी तुमचे सामने चित्रित करून सोमवारपूर्वी तुकडे पाडून देईन’ असे सांगावे. नकार सहसा येत नाही.

चित्रीकरणाचे तंत्र म्हणाल तर ते अवघड नाही, पण त्याला शिस्त लागते. कॅमेरा मैदानाच्या मध्यरेषेजवळ, जितक्या उंचीवर नेता येईल तितक्या उंचीवर लावावा. टीव्हीच्या सवयीने डोळा चेंडूमागे आणि कॅमेरा खेळाडूच्या चेहऱ्यावर जातो. प्रशिक्षकाला चेहरा नको असतो, त्याला बचावाची पूर्ण रांग हवी असते आणि मागे राखणीला कोण थांबले आहे ते हवे असते. रक झाल्यावर चौकट किंचित रुंद करून दोन्ही बाजूंचे खेळाडू आत घ्यावेत आणि चेंडू बाहेर येईपर्यंत हात स्थिर ठेवावा. तेथील रग्बीचा मोसम हिवाळ्यात, म्हणजे पर्थच्या पावसाळ्यात येतो, म्हणून भिंगावर छत्री धरणारा एक मित्र आणि जास्तीची बॅटरी या दोन्ही गोष्टी सोबत असाव्यात. मित्र मिळणे अधिक कठीण असते. संगणकप्रणालींपैकी व्यावसायिक संघांत सर्रास वापरली जाणारी स्पोर्ट्सकोड मॅक संगणकासाठी आहे, हे लॅपटॉप विकत घेण्यापूर्वी माहीत असावे. सुरुवात स्वस्त प्रणालीवर, किंवा अगदी साध्या तक्त्यात वेळा टिपून केली तरी चालते, कारण प्रणाली नंतर शिकता येते, पण काय टिपायचे हे ठरवण्याची नजर सवयीनेच येते.

नियमांचे शिक्षण वर्ल्ड रग्बी या जागतिक संघटनेच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळते. खेळाचे नियम, खेळाडूंची पूर्वतयारी, प्रथमोपचार आणि डोक्याला मार लागल्यास घ्यायची काळजी यांवरचे पाठ पूर्ण करून प्रमाणपत्रे जवळ ठेवावीत. क्रिकेटच्या देशातून आलेल्या विद्यार्थ्याने रग्बीचा अभ्यास केला आहे, याचा पहिला कागदोपत्री पुरावा तोच असतो. अल्पवयीन खेळाडूंच्या संघाबरोबर काम करायचे असेल तर वेस्टर्न ऑस्ट्रेलियात लहान मुलांबरोबर काम करण्यासाठीचा पडताळणी-दाखला आधी काढावा लागतो. सामोअन, टोंगन आणि फिजियन खेळाडूंची नावे मात्र कोणत्याही पाठात शिकवत नाहीत. ती खेळाडूलाच विचारून नीट उच्चारायला शिकावीत. फिजीची माणसे ‘डी’ लिहितात आणि ‘न्ड’ म्हणतात, हे मला एका फॉरवर्डने (पुढच्या फळीतील खेळाडूने) फार शांतपणे समजावले होते.

पैशाबद्दल स्पष्ट बोलायला हवे. मी होते तेव्हा विद्यार्थी व्हिसावर अभ्यासकाळात पंधरवड्याला ४० तास काम करता येत असे. जुलै २०२३ पासून ही मर्यादा ४८ तास आहे. क्रीडाक्षेत्रात ‘अनुभव मिळेल’ या शब्दांवर बिनपगारी राबवून घेण्याची प्रवृत्ती सर्वत्र आहे. ऑस्ट्रेलियाच्या कायद्यात अभ्यासक्रमाचा आवश्यक भाग असलेले प्रशिक्षण बिनपगारी असू शकते, परंतु तसे नसेल आणि तुम्ही प्रत्यक्षात कर्मचाऱ्याचे काम करत असाल तर वेतन द्यावेच लागते. म्हणून बिनपगारी काम स्वीकारण्यापूर्वी ते तुमच्या विद्यापीठाच्या नोंदीत आहे का, हे लेखी विचारून घ्यावे. मला एका आयोजकाने एका हंगामासाठी तोंडी आश्वासन दिले, पूर्ण महिनाभर काम करून घेतले आणि नंतर प्रवासखर्चही नाकारला. त्यानंतर कामाचे तास, मोबदला आणि चित्रफितींची मालकी या तिन्ही गोष्टी ईमेलवर आल्याशिवाय मी कॅमेरा बाहेर काढलेला नाही. चित्रफितींची मालकी विशेष महत्त्वाची आहे, कारण पुढच्या मुलाखतीत दाखवायला तुमच्याकडे तेवढेच असते आणि नेमके तेच दाखवायची परवानगी नसते, असे वारंवार घडते.

२०२० मध्ये संपूर्ण स्पर्धा खरोखरच सुरू झाली. वेस्टर्न फोर्स, फिजियन लातुई, मानुमा सामोआ, साउथ चायना टायगर्स, चायना लायन्स आणि मलेशिया वाल्के असे सहा संघ उतरले, आणि मार्चच्या मध्यावर पहिली फेरी झाल्याबरोबर करोनाच्या साथीमुळे सीमा बंद झाल्या. त्या एका फेरीवरच स्पर्धा संपली. वर्षभर जिच्या भरवशावर काही जणांनी शहरे बदलली होती, ती आठवडाभरात नाहीशी झाली. वेस्टर्न फोर्सला मात्र त्याच वर्षी सुपर रग्बी एयू या ऑस्ट्रेलियातील संघांच्या स्पर्धेत जागा मिळाली आणि तो संघ आज सुपर रग्बी पॅसिफिकमध्ये खेळतो. गंमत म्हणजे सुपर रग्बी एयूनेही स्वतःचे प्रायोगिक नियम आणले, त्यांत गोलरेषेवरून ड्रॉप किकने (चेंडू जमिनीवर टाकून उसळताच मारलेल्या किकने) खेळ पुन्हा सुरू करणे होते आणि आपल्या अर्ध्यातून मारलेली किक टप्पा खाऊन प्रतिस्पर्ध्याच्या २२ मीटरमध्ये बाहेर गेल्यास लाइनआउट किक मारणाऱ्या संघालाच मिळणे होते. हा दुसरा नियम २०२१ पासून जगभर लागू झाला. म्हणजे पॉवर ट्राय गेला, तरी ताबा कोठून सुरू झाला हे टिपण्याची सवय वाया गेली नाही. उलट किक कोठून निघाली हे टिपण्याची तिला जोड मिळाली.

परदेशी जाणे ज्यांना शक्य नाही, त्यांच्यासाठीही आता संधी आहे. जून २०२५ मध्ये मुंबईत अंधेरीच्या शहाजी राजे भोसले क्रीडा संकुलात रग्बी प्रीमियर लीगचा पहिला हंगाम सहा संघांत झाला आणि चेन्नई बुल्सने तो जिंकला. हा खेळ सातजणांचा आणि चार-चार मिनिटांच्या चार भागांचा आहे, त्यामुळे पंधराजणांच्या रग्बीचा साचा जसाच्या तसा उचलून चालणार नाही: स्क्रममध्ये आठऐवजी तीनच खेळाडू असतात, रक कमी होतात आणि सामन्याचा निकाल बहुधा पुनरारंभाच्या, म्हणजे गुण झाल्यावर खेळ पुन्हा सुरू करणाऱ्या, किकवर झुकतो. अशा लीगमध्ये काम मागायला जाताना लांबलचक परिचयपत्र नेऊ नका. मागच्या हंगामातला एक सामना निवडा, त्यातील प्रत्येक पुनरारंभ कोणी जिंकला आणि त्यानंतर किती सेकंदांत ट्राय झाली याचा एक पानी तक्ता करा, सोबत तीन मिनिटांपेक्षा मोठी नसलेली चित्रफीत जोडा आणि ती पाठवण्यापूर्वी सामने ज्यांच्या मालकीचे आहेत त्यांची परवानगी घ्या.